कबरीवरचे मीठ

लल्ला तुर्कियाच्या अंगणात त्या शुक्रवारी गुलाबाची अकरा झाडे होती. अकरा झाडांच्या मिळून बेचाळीस फांद्या, आणि बेचाळीस फांद्यांवर बेचाळीस फुले. एकाही फांदीला दुसरे फूल नव्हते, की बाजूची कळी नव्हती. सर्वांत लहान फूल चौदा सेंटिमीटर रुंद होते, सर्वांत मोठे साडेसतरा. पानांवर काळा ठिपका नाही, भुरी नाही, मावा नाही. माणसे त्र्याहत्तर होती, त्यांत एकावन्न बायका. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर सिदी लझर बसला होता.

ही मोजदाद दलिलाची. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, वनस्पतिशास्त्र शिकून बाहेर पडून तिला दोन वर्षे झाली होती, आणि गर्दीत शिरताना तिने शिवणाची टेप बाहीत लपवून नेली होती.

ट्युनिसजवळच्या आरियाना गावात गुलाब कोणाच्या दारात नाही? पण या गल्लीतले गुलाब कॉफीच्या कपाएवढेच व्हायचे. वसंतात फुले तोलून तांब्याच्या भट्टीत जातात आणि गुलाबपाणी निघते. तिथे वजन लागते, आकार कोण बघतो? त्यामुळे गल्लीत कळी खुडणे म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारण्यासारखे होते. दलिलाने लहानपणी एकदा खुडली होती, तर आईने, मन्नूबियाने, तिच्या बोटांवर पळी मारली होती. पिढ्यान्‌पिढ्या कोणी कळी खुडली नाही, म्हणून एका फांदीवर एकच कळी ठेवली तर काय होते हे कोणी पाहिलेही नाही.

मग हिवाळ्यात लझर आला. लल्ला तुर्किया या घरमालकिणीच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला आणि महिनाभरात भाडे देईनासा झाला, कारण तोवर तो सिदी, म्हणजे संतपुरुष, झाला होता. भिंतीजवळच्या डाळिंबात जिन राहतो म्हणून त्याने डाळिंब तोडायला लावले. झाडांच्या मागल्या वर्षीच्या पापाच्या काड्या कापून टाकल्या. पाणी उजाडायच्या आत, मुळाशी, पानाला थेंबही न लागता घालायचे, असा दंडक घातला. आणि वसंत लागताच म्हणाला, “एका फांदीला एकच कळी. बाकीच्या कळ्या म्हणजे तुमचा हावरटपणा. खुडा आणि रडा.”

बायका खुडायच्या आणि खरोखर रडायच्या.

“या, जवळ या, लाजू नका!” आज सिदी लझर हात उंचावून म्हणाला. त्याची दाढी मेंदीने लाल, आवाज मधात बुडवलेला. “कोणाला शंका असेल त्याने आधी हात लावावा. मी पोथी सांगणारा माणूस नाही, मी हाताला सांगतो! हम्मादी काका, धरा हा तांब्या. कसा लागतो?”

कॉफीच्या दुकानाचा मालक हम्मादी काका पुढे झाला. “कोमट आहे, सिदी. उन्हातच होता.”

“उन्हातच होता! ऐकलंत?” लझरने डोळे मिटले, ओठ हलवले, मांडीवरच्या हिरव्या थैलीतून, तो ज्याला संतांच्या कबरीवरचे मीठ म्हणायचा, ते दोन मुठी काढून पाण्यात सोडले, पळीने ढवळले आणि वर फुंकर मारली. “आता धरा. सोडू नका हं! काय झालं काका, थंडी वाजली?”

“या अल्ला!” हम्मादी काका ओरडला. “गार पडतोय! माझ्या हातात गार पडतोय!”

अंगण शहारले. तांब्या हातोहात फिरला. बायका तो गालाला लावत, कपाळाला लावत. प्रत्येकीच्या हाताला तो गार लागत होता, आणि हात कसा खोटे बोलेल?

“बादलीत एक चमचा टाकाल, गुलाब ताटाएवढा होईल,” लझर म्हणाला. “पोटात एक चमचा टाकाल, देह गुलाबासारखा फुलेल. गुडघे, दमा, वांझपण, नवऱ्याचा राग, सगळ्यावर एकच चमचा! दवाखान्यात डॉक्टर काय देतो? चिठ्ठी! चिठ्ठी घालून बघा गुलाबाला, वाढतो का!”

लोक हसले. हसू ओसरायच्या आत दलिला पुढे झाली.

“सिदी, मीही एक फूल आणलंय.”

“या या, मास्तरीणबाई! टेप पण आणलीय म्हणे. फुलं मोजून झाली, आता आमची दाढी मोजणार?”

“दाढी नको. हे मोजा.” तिने ओढणीतून गुलाब काढला. “साडेपंधरा सेंटिमीटर. आमच्या धुण्याच्या दगडामागच्या झाडाचा. तुमचं पाणी एक थेंब नाही घातलं, मंत्र नाही, रडणं नाही. थंडीत छाटणी केली, सकाळी मुळाशी पाणी दिलं, बाजूच्या कळ्या खुडल्या. बस.” ती गर्दीकडे वळली. “फांदीकडे अन्न असतं तेवढंच असतं. सात कळ्यांत वाटलं तर सात बारकी फुलं, एकीलाच मिळालं तर एक मोठं. डाळिंब गेलं म्हणून ऊन आलं. पानं कोरडी राहिली म्हणून काळे ठिपके गेले. यात जिन कुठे आला?”

मग लझर खो खो हसला.

“म्हणजे मी सांगितलं तेच सगळं केलंस, आणि वर मलाच शहाणपण! अगं, दुआ काय भिंत बघून थांबते? इकडे म्हटली, तिकडे तुझ्या दगडामागे पोचली. फुकटात पिकवलंस, तर निदान आभार तरी मान!” लोक हसायला लागले तसा त्याच्या आवाजातला मध आटला. “आणि दोन सेंटिमीटर कमी का गं मग? हां? ते तुझ्या पुस्तकात नाही वाटतं?”

दलिलाने टेप पुन्हा फुलाला लावली. तिला वाटत होते की पाणी नुसते पाणीच आहे, तांब्याच्या बुडाशी बर्फ लपवलेला असणार, आणि गार पाणी प्यायल्याने कोणाचे काय बिघडते? फुलाचा भ्रम आधी फोडू, पाण्याचा आपोआप फुटेल, असा तिचा हिशोब होता.

“बोलत नाही,” लझर लोकांना म्हणाला. “जाऊ द्या. पोरीची जात. स्वतःच्या फांदीला अजून एक कळी नाही, म्हणून लोकांच्या खुडत फिरते.”

अंगणात हशा पिकला. एकावन्न बायका हसल्या. मन्नूबियाही हसली, मान खाली घालून, पण हसली.

त्याच हशात दलिलाची वहिनी वसीला बाळाला घेऊन खुर्चीपाशी गेली. बाळाचे नाव नादिर, साडेतीन महिन्यांचा. जन्मतः लहान, आईला दूध कमी, आणि त्यावरून मन्नूबिया तिला दिवसभर बोलायची: “शेजारणीची शेळीसुद्धा जास्त देते.” म्हणून डब्याचे दूध आले, आणि डब्याच्या दुधात, प्रत्येक बाटलीत, एक चमचा लझरचे गार पाणी. वसीलाचा नवरा शाकिर सूसच्या बंदरात कामाला होता. तिचे ऐकणारे घरात कोणी नव्हते. या खुर्चीवरचा माणूस मात्र ऐकून घ्यायचा.

“सिदी, हा दोन दिवस नुसता झोपतोय. दूध ओढत नाही. ओठ बघा ना, कसे दिसतात.”

लझरने दुपटे बाजूला केले. “अरे वा! रंग चढतोय!” त्याने बाळ उचलून सर्वांना दाखवले. “कळी उमलायच्या आधी जांभळी होते की नाही? सांगा, गुलाबवाल्यांनो! होते की नाही?”

“होते!” सगळे म्हणाले.

“मग! उमलणार हा. आज दोन चमचे दे.” आणि त्याने स्वतःच्या हाताने बाटलीत पाणी ओतले. बायकांनी जिभा फिरवून लग्नघरातल्यासारखा चीत्कार केला. वसीला रडत रडत हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कोणी तिच्या बाळाचे कौतुक केले होते.

दलिलाने ओठ पाहिले. ते जांभळे नव्हते, पाटीच्या रंगाचे होते. नखेही तशीच. तिने त्याच्या टाचेवर टिचकी मारली. बाळ रडले नाही.

“वसीला, चल. दवाखान्यात.”

“आत्ता?” मन्नूबिया आडवी आली. “सिदींसमोरून उठून? नजर लावतेस का माझ्या नातवाला? आधीच हसं करून घेतलंस आमचं!”

“आई, बाजूला हो.”

“त्याला दोन चमचे तर पाजू दे!”

दोन शेजारणींनी दरवाजा धरला. एकीने वसीलाचा दंड पकडून ठेवला आणि प्रेमाने सांगितले की दवाखान्यातून बाळे परत येत नाहीत. मन्नूबियाने बाटली लावली; अर्धे दूध बाळाच्या तोंडात गेले आणि अर्धे ओघळले. तेवढ्यात दलिलाने बाटली हिसकली, बाळ हिसकले आणि खांद्याने दरवाजा उघडला; वसीला तिच्यामागे धावली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईने बाळाच्या नाकाशी प्राणवायू लावला, तरी निळेपणा हलेना. मग तिने रक्त काढले आणि सुई उजेडात धरली. रक्त लाल नव्हते. कॉफीच्या गाळासारखे तपकिरी होते. तिने परिचारिकेला एक निळे औषध आणायला पिटाळले आणि वसीलाकडे वळली.

“काय पाजलंत?”

“दूध. डब्याचं.”

“पाणी कुठलं? विहिरीचं?”

“नळाचं. आणि एक चमचा बरकतीचं.”

“कसलं बरकतीचं?” डॉक्टरबाईचा आवाज चढला. “शेतांकडून अशी बाळं येतात आमच्याकडे. खताच्या गोण्यांशेजारी विहीर असते. खतातलं नायट्रेट एवढ्या लहान पोटात गेलं की त्याचं विष होतं. रक्त असतं, पण ते प्राणवायू धरत नाही. तुम्ही शहरात राहता! खत कुठून आलं?”

वसीलाला काही कळले नाही. “गार असतं हो ते,” ती एवढेच म्हणाली. “अगदी गार.”

दलिलाला थैलीतले दाणे आठवले. बर्फ नव्हता. दोन मुठी पांढरे, साबुदाण्यासारखे गोल दाणे. शाळेत दहावीच्या मुलींना ती दरवर्षी हाच प्रयोग दाखवायची: अमोनियम नायट्रेट पाण्यात टाका, विरघळताना ते पाण्यातली उष्णता ओढून घेते, चंचुपात्र बाहेरून गार पडते. मुली नेहमी ओरडायच्या. आणि अमोनियम नायट्रेट म्हणजे खत. ते दोन सेंटिमीटर म्हणजे खत.

“डॉक्टर, गल्लीत आणखी बाळं आहेत,” ती म्हणाली. “हेच पिणारी.”

“मग उभ्या काय राहिलात?”

ती परतली तेव्हा अंगणात ऊन अजून भिंतीच्या वरच्या कडेला होते, आणि लल्ला तुर्किया चिलगोजे घातलेला चहा फिरवत होती.

“आली!” लझर म्हणाला. “काय म्हणाला डॉक्टर? चिठ्ठी दिली?”

“ज्यांनी तान्ह्या मुलांना हे पाणी पाजलं असेल त्यांनी आत्ता उठा आणि दवाखान्यात जा,” दलिला ओरडली. “नादिरचं रक्त तपकिरी झालंय. हे मीठ नाही, खत आहे.”

कोणी उठले नाही. बायकांनी मुलांना छातीशी धरले, पण दलिलापासून वाचवण्यासाठी.

ओरडून भागणार नाही, हे तिला दिसले. तिने दम घेतला. “बरं. तुम्ही हाताला विचारता ना? हातालाच विचारू. सिदी, तुम्ही दुआ म्हणा. पूर्ण म्हणा, दोनदा म्हणा, पण थैलीला हात लावू नका. तांब्या माझी आई धरेल. तिच्या हातावर तर तुमचा विश्वास आहे ना?”

“दुआ काय तुझ्या हुकमावर चालते?”

“भिंतीवरून उडी मारते, एवढं अंतर तर चालेल.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसले. हम्मादी काका म्हणाला, “म्हणा की सिदी, काय बिघडतं? पोरीचं तोंड तरी बंद होईल.”

लझरला म्हणावे लागले. त्याने म्हटले, फुंकर मारली, पुन्हा म्हटले, घाम पुसला. मन्नूबिया नव्याने भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरून उभी होती. सगळे अंगण तिच्या तोंडाकडे पाहत होते.

“कोमट,” ती म्हणाली.

“हिच्या पापामुळे!” लझर ओरडला. “हिची सावली पडली पाण्यावर!”

“छान. मग माझ्यासारख्या पापिणीच्या हातून तर काहीच व्हायला नको.” दलिलाने हिरवी थैली त्याच्या मांडीवरून ओढली. तो उठला, पण हम्मादी काकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवले. तिने दोन मुठी दाणे पाण्यात टाकले, पळी फिरवली आणि ट्युनिसला जाणाऱ्या बसचे थांबे मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. बाजाराचा थांबा, शाळेचा थांबा, मोठी मशीद, पेट्रोल पंप, दगडी पूल. थांब्यांमागून थांबे, एकसुरात, फुंकर न मारता.

पेट्रोल पंपाशीच मन्नूबियाचा चेहरा बदलला. पुलापर्यंत तिने तांब्या गालाला लावून पाहिला.

“गार,” ती म्हणाली. “गार पडला.” तिने तांब्या खाली ठेवला नाही, सोडून दिला.

लल्ला तुर्किया मागच्या खोलीत गेली आणि फरफटत एक गोणी घेऊन आली. गोणीवर अरबीत आणि फ्रेंचमध्ये खताचे नाव छापलेले होते, खाली गव्हाच्या ओंबीचे चित्र होते, आणि आत कबरीवरचे मीठ होते. “पलंगाखाली दोन आहेत अजून,” ती म्हणाली. “मला सांगितलं, संतांची हाडं आहेत. मी रोज त्यांना सलाम करून झोपायचे.”

लझरने एका रोपवाटिकेत आठ वर्षे गुलाब वाढवले होते, हे नंतर पोलिसांनी काढले. त्या वेळी ते विचारायला कोणाला सवड नव्हती. दुपारी ज्यांनी त्याचे हात चुंबले होते त्यांनीच त्याला खुर्चीवरून खाली ओढले. एका बाईने चप्पल काढली. दुसरीने मूठभर दाणे त्याच्या तोंडात कोंबले. “उमल! उमल ना आता!” ती ओरडत होती.

“मी काय जबरदस्तीनं पाजलं?” लझर दाणे थुंकत म्हणाला. त्याच्या नाकातून रक्त येत होते, आणि ते लाल होते. “तुम्हीच ओंजळी पुढे केल्यात! आणि त्या पोराची आई काय झोपली होती? आईला कळायला नको?”

चप्पल थांबली. “ते मात्र खरं,” दरवाजा धरलेल्या दोघींपैकी एक म्हणाली. “मी असते तर मला कळलं असतं बाई.”

“माझी धाकटी सून तर कधीच असलं काही पाजत नाही,” दुसरी म्हणाली.

“बंद करा!” दलिलाचा आवाज चिरकला. “मघाशी दोन चमचे याने घातले, तुमच्यासमोर. तुम्ही चीत्कार केलात. बाळ निळं पडलं होतं आणि तुम्ही सगळे ‘होते’ म्हणालात. तांब्या गार पडला हे खोटं नव्हतं. तुमचे हात खरंच सांगत होते. तो का गार पडला, एवढं एक कोणी विचारलं नाही. मीठ काढून बघू या, असं कोणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, मी फुलं मोजत बसले. यापुढे कोणी चमत्कार दाखवला तर त्यातली एकेक वस्तू काढून बघा. दुआ काढा, मीठ काढा, माणूस काढा. कशाविना होत नाही ते सापडेल. आणि बाळाचा रंग बदलला तर खुर्चीकडे जाऊ नका, दवाखान्यात जा. आता सांगा, आणखी कोणी पाजलं?”

दोन हात वर आले. पहिला लगेच. दुसरा बराच वेळाने, कारण तो त्या दुसऱ्या शेजारणीच्या धाकट्या सुनेचा होता, आणि शेजारीण तो खाली ओढत होती.

त्या दोघी मुलांना घेऊन धावल्या. दलिला त्यांच्यामागे निघाली तेव्हा हम्मादी काका दाराशी आला, टोपी हातात घेऊन.

“पोरी, रागावू नकोस. एक विचारू? गुलाबाला चालेल ना हे?”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. “चालेल,” ती म्हणाली. “बादलीला एक चमचा. ओल्या मातीत. महिन्यातून एकदा.”

तिने मागे पाहिले तेव्हा दोन पुरुष गोणी उचलून सावलीत ठेवत होते.

दवाखान्याच्या ओसरीवर वसीला बाकावर बसली होती. तिची ओंजळ मांडीवर उघडी होती आणि तिच्यात काही नव्हते. मन्नूबिया धापा टाकत आली, सुनेच्या शेजारी बसायला गेली, आणि वसीला उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

डॉक्टरबाई बाहेर आली. सकाळपासूनच्या ड्युटीने तिचे डोळे सुजले होते. दलिला शास्त्र शिकवते हे तिला कळले होते, म्हणून ती तिच्याशीच बोलली.

“तिघांचेही आकडे आले. प्राणवायू न धरणारं रक्त निरोगी बाळात शेकडा एक असतं, फार तर दोन. पंधराच्या पुढे ओठ निळे. पन्नासच्या पुढे गुंगी. सत्तरच्या पुढे औषध पोचेपर्यंत शरीर तग धरत नाही. त्या दोघांचं रक्त पुन्हा तपासलं, उतरतंय, ती वाचतील. नादिरचं दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली नाही.”

“सांगा,” दलिला म्हणाली.

पहिली मुलगी, पाच महिन्यांची: अकरा टक्के.

दुसरा मुलगा, चार महिन्यांचा: तेवीस टक्के.

नादिर, साडेतीन महिन्यांचा: चौऱ्याहत्तर टक्के.